अंडं उभं राहायला लीचुन लागत नाही

चीनमध्ये लीचुनला, म्हणजे वसंत लागण्याच्या दिवशीच कच्चं अंडं उभं राहतं, कारण त्या दिवशी म्हणे गुरुत्वाकर्षण ‘समतोल’ असतं. वर्षानुवर्षं सांगितली जाणारी ही गोष्ट साफ चुकीची आहे.

अंडं कुठल्याही दिवशी उभं राहतं. कवच गुळगुळीत दिसतं, पण त्यावर बारीक उंचवटे असतात. त्यातल्या तिघांवर तिवईसारखा तोल साधला की झालं. फक्त हात स्थिर हवा आणि चिकाटी हवी. १९४५ मध्ये चीनच्या चोंगचिंग शहरातल्या या प्रकाराची बातमी ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकात आली आणि समजूत अमेरिकेत पोचली. तिथे ती पुढे विषुवदिनालाच, म्हणजे दिवस-रात्र सारखे असण्याच्या दिवसालाच चिकटली! हिमस्फटिकांचे जपानी अभ्यासक उकिचिरो नाकाया यांनी तर १९४७ मध्येच स्वतः अंडी उभी करून हा भ्रम खोडला होता.

वाईट याचं वाटतं, की या अंड्यापायी खरा सण झाकला जातो. उत्तर चीनमध्ये या दिवशी चुनबिंग करतात: गरम पाण्यात भिजवलेल्या कणकेच्या दोन लाट्या, मध्ये तेल लावून एकत्र लाटायच्या, भाजून अलगद सोडवायच्या आणि त्यांत मोड, पातीचा लसूण, अंड्याच्या पट्ट्या गुंडाळायच्या. सोबत कच्चा मुळा चावून खायचा. पूर्वी मातीचा बैल चाबकाने फोडत आणि शेतकरी त्याची ढेकळं पिकासाठी शुभ म्हणून घरी नेत.

आणि हो, लीचुन चांद्र तिथीवर नाही, सूर्यावर ठरतो. म्हणून तो दरवर्षी ४ फेब्रुवारीच्या आसपासच येतो.