दमास्कस, मुंबई, हैदराबाद: पिकथॉल यांच्या कुराणामागची वाट

मार्माड्यूक पिकथॉल हे नाव आज घेतलं जातं ते कुराणाच्या इंग्रजी भाषांतरासाठी. इस्लाम स्वीकारलेल्या इंग्रजाने केलेलं ते पहिलं भाषांतर १९३० साली निघालं. हे काम बऱ्याच अंशी निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या पगारी रजेवर झालं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. इंग्लंडमधल्या पाद्र्याचा मुलगा दख्खनपर्यंत पोचला कसा, याचं उत्तर माझ्या मते धर्मशास्त्रात कमी आणि तुर्कस्तानच्या राजकारणात जास्त सापडतं.

जन्म १८७५चा, लंडनचा. वडील सफोकमधल्या एका खेड्यात धर्मगुरू होते. मुलगा लहान असतानाच ते गेले. हॅरोच्या शाळेत विन्स्टन चर्चिल त्याच्याच काळातले. वकिलातीच्या नोकरीची परीक्षा हुकली आणि जेमतेम विशीत असलेला हा तरुण इजिप्त, पॅलेस्टाईन, सीरिया भटकायला निघाला. तिथे तो अरबी शिकला, स्थानिक वेष चढवून खेडोपाडी राहिला आणि दमास्कसला पोचल्यावर मुसलमान व्हायची इच्छा त्याने बोलून दाखवली. तिथल्या उमय्या मशिदीतल्या वृद्ध शेखांनी त्याला उतावीळ होऊ दिलं नाही. आधी मोठा हो, घरी आई आहे तिचा विचार कर, असं त्यांनी समजावलं. धर्मांतरासाठी टपून बसलेला मौलवी ही ठरावीक प्रतिमा इथे साफ उलटी पडते.

त्यानंतर वीसेक वर्षं पिकथॉल इंग्लंडमध्ये कादंबऱ्या लिहीत राहिले. १९०३ची ‘सईद द फिशरमन’ बरीच गाजली. ख्रिस्ती राज्यांनी तुर्कस्तानवर चाल केली, त्या १९१२-१३च्या बाल्कन युद्धांच्या दिवसांत मात्र त्यांचा सूर बदलला. ख्रिस्ती राज्यांनी तुर्कांना मारलं की गप्प बसायचं आणि तुर्कांनी हात उगारला की कंठशोष करायचा, ही इंग्रजी जनमताची रीत त्यांना असह्य झाली. १९१३ साली ते काही महिने इस्तंबूलला राहून आले. ‘तरुण तुर्क’ म्हणवणाऱ्या तिथल्या सुधारणावादी राजकीय गटाच्या सुधारणांवर त्यांचा जीव जडला होता. ब्रिटन आणि तुर्कस्तान युद्धात समोरासमोर आले तेव्हा तुर्कस्तानशी वेगळा तह करा, असं ते जाहीरपणे मांडत राहिले. भर युद्धात अशी वकिली करणाऱ्याकडे सरकार कोणत्या नजरेने पाहत असेल, ते सांगायला नको.

नोव्हेंबर १९१७मध्ये लंडनच्या मुस्लिम लिटररी सोसायटीपुढे ‘इस्लाम आणि प्रगती’ या विषयावर त्यांचं व्याख्यान झालं. त्याच सुमारास त्यांनी आपण मुसलमान असल्याचं जाहीर केलं. ते पहिले अजिबात नव्हेत. लिव्हरपूलचे वकील विल्यम हेन्री क्विलियम यांनी तीस वर्षं आधीच ही वाट धरली होती आणि लॉर्ड हेडली यांनी १९१३ साली. लंडनजवळच्या वोकिंगची मशीद १८८९पासून उभी होती, तीही भोपाळच्या बेगमेच्या पैशातून. हिंदुस्थानचा धागा असा आधीपासूनच होता.

१९२० साली तो धागा पिकथॉल यांना थेट मुंबईला घेऊन आला. फिरोजशहा मेहतांनी सुरू केलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’ला संपादक हवा होता, आधीचे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांना सरकारने १९१९मध्ये हद्दपार केलं होतं. नुकतेच टिळक गेले होते, गांधींचं असहकार आंदोलन आणि तुर्की सुलतानाचं खलिफापद वाचवण्यासाठीची खिलाफत चळवळ हातात हात घालून चालली होती. तुर्कांची बाजू घेणारा, मुसलमान झालेला इंग्रज, तोही लेखणीचा माणूस! मुंबईला याहून नेमका संपादक मिळणं कठीण होतं. खिलाफतीच्या सभांमधूनही ते बोलत. गंमत अशी, की फोर्टमध्ये आज हॉर्निमन सर्कल आहे, पिकथॉल यांच्यानंतर संपादक झालेल्या सय्यद अब्दुल्ला ब्रेल्वी यांच्या नावाचा रस्ताही आहे. मधले पिकथॉल तेवढे गाळले गेले.

ज्या खिलाफतीसाठी हा सगळा आटापिटा, ती मार्च १९२४मध्ये खुद्द तुर्कांनीच मोडीत काढली. हिंदुस्थानातल्या चळवळीच्या पायाखालची जमीनच सरकली. त्याच वर्षी एका जुन्या बातमीवरून ‘क्रॉनिकल’ला जबर दंड झाला आणि पिकथॉल यांनी संपादकपद सोडलं.

पुढचा मुक्काम हैदराबाद. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. इंग्रज सरकारवर सडकून टीका करणारा हा संपादक तिथे चादरघाट हायस्कुलाचा मुख्याध्यापक झाला आणि १९२७पासून ‘इस्लामिक कल्चर’ या त्रैमासिकाचं काम पाहू लागला. निजाम मीर उस्मान अली खान यांनी भाषांतरासाठी दोन वर्षांची भरपगारी रजा दिली. हस्तलिखित घेऊन पिकथॉल कैरोला गेले आणि तिथल्या विद्वानांसोबत बसून त्यांनी ते तपासून घेतलं. कुराणाचं भाषांतर करावं की नाही यावरच अल-अझर या कैरोच्या जुन्या इस्लामी विद्यापीठातल्या उलेमांत, म्हणजे धर्मपंडितांत, वाद पेटला होता. मूळ ग्रंथाची जागा दुसरी कुठलीही भाषा घेऊ शकत नाही, हे पिकथॉल यांनाही मान्य होतं. प्रस्तावनेत त्यांनी ते उघड लिहिलं. अल-अझरचे मुस्तफा अल-मराघी यांचा मात्र त्यांना पाठिंबा मिळाला.

१९३५मध्ये ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले आणि पुढच्याच वर्षी वारले. शेजारी मूळ अरबी असलेली त्यांच्या भाषांतराची दोन खंडी आवृत्ती १९३८ साली हैदराबादच्याच सरकारी छापखान्यातून निघाली.