लॅलोकीझिया: शिवी हासडल्यावर वाटणारे हायसे

बोट दारात चेमटले किंवा संताप अनावर झाला की भल्याभल्यांच्या तोंडून शिवी निसटते, आणि ती हासडल्यावर जरा हायसे वाटते. शिवीगाळ केल्याने मनाला मिळणाऱ्या या मोकळिकीला इंग्रजीत 'लॅलोकीझिया' असा एक स्वतंत्र शब्द आहे. रोजच्या वापरातल्या शब्दकोशांत तो सहसा सापडत नाही. दुर्मिळ शब्दांच्या संग्रहांत भेटतो.

शब्दाची घडण ग्रीक असून ती शिवीइतकीच बेधडक आहे. 'लालिया' म्हणजे बोलणे किंवा बडबड आणि 'खेझो' म्हणजे शौचास बसणे. वैद्यकाला ही दोन्ही मुळे परिचित आहेत: ऐकलेले शब्द जसेच्या तसे पुन्हा उच्चारण्याच्या लक्षणाला 'एकोलालिया' म्हणतात, तर शौचाला होणाऱ्या त्रासाला 'डिस्केझिया'. मराठी माणूस मनातली मळमळ ओकतो, म्हणजे निदान तोंडाची वाट धरतो. ग्रीकांच्या मुळांनी थेट दुसरे टोक गाठले! टुरेट सिंड्रोम या मज्जासंस्थेच्या विकाराच्या काही रुग्णांच्या तोंडून इच्छा नसताना अपशब्द बाहेर पडतात, त्या 'कोप्रोलालिया'शी मात्र याची गल्लत करू नये.

हे हायसे वाटणे केवळ मानण्यावर नसते. इंग्लंडमधील कील विद्यापीठाच्या रिचर्ड स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांना बर्फासारख्या गार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितले, एकदा आवडीची शिवी घोकत आणि एकदा टेबलाचे वर्णन करणारा एखादा निरुपद्रवी शब्द घोकत. शिवी देताना हात सरासरी सुमारे ४० सेकंद अधिक टिकला आणि हृदयाचे ठोकेही वाढले. संकटात शरीर लढण्यासाठी वा पळण्यासाठी सज्ज होते, तेव्हा वेदना दबते, तसेच इथे घडत असावे, असा संशोधकांचा कयास होता. या कामाला २०१० चा शांततेचा इग नोबेल, म्हणजे नोबेलची गंमत करत आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जाणारा पुरस्कार, मिळाला, ही निवड समितीची खोडी दाद देण्याजोगीच.

नुसता विचित्र उच्चार पुरतो का, हे स्टीव्हन्स यांनी २०२० मध्ये तपासले. 'ट्विझपाइप' आणि 'फाउच' असे दोन बनावट अपशब्द त्यांनी वापरून पाहिले, पण वेदना सोसण्याची क्षमता त्यांनी वाढली नाही; खऱ्या इंग्रजी शिवीने मात्र ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढली. शिवाय २०११ च्या प्रयोगात असे आढळले होते, की दिवसभर ज्यांच्या तोंडी शिव्याच असतात, त्यांना गार पाण्यात शिवीचा फायदा कमी मिळतो.