मेरुरज्जू आणि भूल

भूल म्हणजे मेंदूला आणलेली झोप, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात त्वचेवरच्या चिऱ्याला अंगाने प्रतिसाद द्यायचा की नाही, हे मुख्यतः मेरुरज्जूत ठरते. शेळ्यांच्या फक्त मेंदूकडे आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू पोचेल अशी रचना करून १९९३ मध्ये प्रयोग झाला. तेव्हा त्यांची हालचाल थांबवायला नेहमीच्या दुपटीहून अधिक मात्रा लागली.

वेदना आणणारे बारीक तंतू मेरुरज्जूच्या मागच्या बाजूच्या करड्या भागात, म्हणजे पृष्ठशृंगात, येऊन थांबतात आणि ग्लुटामेट व ‘पी’ द्रव्य सोडून पुढच्या पेशीला जागे करतात. भुलीचे वायू इथले उत्तेजन दाबतात, पेशींना आवरणाऱ्या ग्लायसीन या द्रव्याचा अटकाव वाढवतात आणि पुढच्या बाजूच्या, स्नायू हलवणाऱ्या पेशींनाही शांत करतात. म्हणून रुग्ण निश्चल आहे याचा अर्थ वेदनेचा संदेश वर गेलाच नाही असा होत नाही. नाडी आणि रक्तदाब चढतात ते त्यामुळेच, आणि भूलतज्ज्ञ जोडीला फेंटानिलसारखे अफूवर्गीय औषध देतात तेही त्याचसाठी. ही औषधे पृष्ठशृंगातल्या तंतूंच्या टोकांत कॅल्शियम शिरू देत नाहीत, त्यामुळे निरोप देणारे द्रव्यच कमी सुटते. सिझेरियनच्या वेळी मेरुद्रवात, म्हणजे मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात, सोडलेले ०.१ मिलिग्रॅम मॉर्फीन दिवसभर पुरते. अंगाला खाज मात्र सुटते.

‘कमरेतले इंजेक्शन’ ही निराळी गोष्ट. प्रौढांत मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. सुई त्याखाली टोचतात. बुपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध तिथे मुख्यतः चेतामुळांतील, म्हणजे मेरुरज्जूतून निघणाऱ्या नसांच्या मुळांतील, सोडियमच्या वाटा आतून बंद करते. सर्व संवेदना एकदम जात नाहीत. रक्तवाहिन्या आवळणारे तंतू आधी हरतात, म्हणून रक्तदाब उतरतो. मग गार-गरम कळेनासे होते, मग टोचणे, आणि स्पर्श सर्वांत शेवटी. स्पिरिटचा बोळा गार लागतो का, असे विचारतात ते याचसाठी. सिझेरियन चालू असताना ‘आत काहीतरी ओढतायत, पण दुखत नाही’ असे बाई सांगते, तेव्हा भूल फसलेली नसते.

या पद्धतीची सुरुवात जर्मनीतील कील येथे १८९८ मध्ये ऑगस्ट बियर यांनी कोकेन वापरून केली. त्यांनी सहायक हिल्डेब्रांट यांच्या पाठीत ते टोचले आणि नडगीवर लोखंडी हातोडी मारून पाहिली. हिल्डेब्रांट यांना काहीच दुखले नाही. नंतर दोघांचीही डोकी दुखली, कारण स्वतः बियर यांनीही आधी सुई टोचून घेतली होती आणि त्यात त्यांचा मेरुद्रव गळाला होता.