गायक-शिक्षक (बेळगाव सीमाभाग)

हिंदुस्थानी रागसंगीतातला ख्याल गाऊन आणि शिकवून चरितार्थ चालवणारा कलावंत. मिरज–बेळगाव–लोंढा–धारवाड या रेल्वेमार्गाच्या एका टोकाला मिरजेत गायक अब्दुल करीम खाँ राहिले. दुसऱ्या टोकाला धारवाड-हुबळीकडे सवाई गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल. मधल्या बेळगावला दोन्हीकडचे गाणे ऐकायला मिळाले. कुमार गंधर्व (१९२४–१९९२) इथल्या सुळेभावीचे. त्यांची तालीम मात्र मुंबईत बी. आर. देवधरांकडे झाली. तयारीचा गळा वेळीच मोठ्या गुरूकडे पाठवणे हाही या शिक्षकाच्या कामाचाच भाग आहे.

मैफली गणेशोत्सव, नवरात्र, सप्ताह अशा मोसमी. वर्षभराचा आधार शिकवणीचा. वर्गात मराठी आणि कन्नड दोन्ही घरची मुले असतात, त्यामुळे समजावणे दोन्ही भाषांत होते, आणि मैफलीच्या शेवटी अभंगाबरोबर बसवण्णांचे वचन किंवा पुरंदरदासांचे पदही तयार लागते. बहुतेक मुले अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद या परीक्षा देतात. परीक्षेमुळे शिस्त येते. पण रागांची संख्या भरण्याच्या घाईत स्वर कच्चा राहतो, आणि तो पुढे दुरुस्त करणे फार अवघड जाते.

खरे कसब षड्ज ठरवण्यात आहे, म्हणजे ‘सा’ कोणत्या उंचीवर (पट्टीत) धरायचा ते. पुरुष साधारण काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या सुराच्या आसपास, स्त्रिया काळी चार-पाचला गातात. काळी चार हा काळी एकचा पंचम (प). म्हणजे शिक्षकाने स्वतःच्या पट्टीत मुलीला बसवले, तर तिला मंद्रात (खालच्या सप्तकात) आवाज सापडत नाही आणि तारसप्तक वापरातच येत नाही. अशी मुलगी वर्षानुवर्षे दबक्या आवाजात गाते. म्हणून तानपुरा शिष्येच्या षड्जाला लावावा आणि शिक्षकाने आपल्या पंचमाला षड्ज मानून सांगावे.

तानपुऱ्याच्या चार तारांपैकी पहिली पंचमाला लावतात. मालकंस रागात पंचम नाही, म्हणून तिथे मध्यमाला. मधल्या दोन जोडीच्या (मध्य षड्जाच्या), शेवटची खर्जाची (मंद्र षड्जाची). घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा नेमक्या जागी आला की जवारी (तारेची झणकार) उघडते आणि खर्जातून गांधार आपोआप ऐकू येतो. बेळगावच्या पावसाळ्यात लाकूड दमट हवा ओढते, लावलेले स्वर सरकतात, तबल्याची पुडीही (वरचे कातडे) सैल होऊन उतरते. वर्गाआधी पंधरा मिनिटे लावण्यासाठीच ठेवावी लागतात. नुसत्या पेटीवर शिकलेल्या मुलाचा गांधार किंचित चढा राहतो, कारण पेटीचाच तसा असतो.

खर्जाचा रियाज पहाटे. मध्य षड्जापासून नी, ध, प असे एकेक पायरी खाली उतरायचे. प्रत्येक स्वर एका श्वासात, ‘आ’कारात, जबडा सैल ठेवून. नवख्याला पंधरा-वीस मिनिटे पुरेत. हनुवटी छातीकडे दाबली की आवाज जाड झाल्याचा भास होतो, प्रत्यक्षात गळा आवळतो. स्वराऐवजी नुसती हवा येऊ लागली की त्या दिवशी त्याहून खाली जाऊ नये. रात्री उशिरा तिखट जेवून सकाळी आवाज बसला असेल, तर दोष रियाजाचा नसून पित्ताचा असतो.

तेरा ते पंधरा या वयात मुलग्यांचा आवाज फुटतो आणि जवळपास सप्तकभर उतरतो. तेव्हा जुनी पट्टी धरून ओरडायला लावणे घातक. तालीम बंद करू नये. षड्ज खाली आणावा, ताना थांबवाव्यात, भूप-यमन या रागांत संथ आलापी आणि लयीचे काम करून घ्यावे.

शिक्षकाच्या स्वतःच्या आवाजाचे नुकसानही शिकवणीतच होते. संध्याकाळभर परक्या पट्टीत गाऊन लगेच मैफल केली, तर तार षड्जाला खरखर येते. स्वतःचा रियाज म्हणूनच वर्गाआधी उरकावा, आणि मैफलीच्या आदल्या दिवशी मुलांकडून गाऊन घ्यावे, आपण फक्त ऐकावे.