परकीय गुंतवणूक आणि अमेरिकेतली राज्यं : पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२३ मध्ये आर्कान्सा राज्याने सिंजेंटा या बियाणं आणि कीटकनाशकं बनवणाऱ्या कंपनीच्या उपकंपनीला १६० एकर शेतजमीन दोन वर्षांत विकून टाकण्याचा आदेश दिला. बियाण्यांच्या संशोधनासाठी वापरली जाणारी ही जमीन. सिंजेंटा २०१७ पासून केमचायना या चिनी सरकारी कंपनीच्या ताब्यात आहे, आणि त्या खरेदीला परकीय गुंतवणुकीची छाननी करणाऱ्या वॉशिंग्टनच्या समितीने २०१६ मध्येच हिरवा कंदील दाखवला होता. केंद्राने मान्य केलेल्या मालकाला राज्याने बाहेरची वाट दाखवली, ती का?

ही समिती राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी १९७५ मध्ये नेमली. तेलाच्या पैशावर गब्बर झालेले देश अमेरिकी कंपन्या विकत घेतील, ही तेव्हाची धास्ती. सुरुवातीला समितीच्या हाती फारसं काही नव्हतं. जपानची फुजित्सू फेअरचाइल्ड ही चिप बनवणारी कंपनी घ्यायला निघाली, तेव्हा गदारोळ उठला आणि १९८७ मध्ये तिने माघार घेतली. पुढच्याच वर्षी असे सौदे रोखण्याचा अधिकार कायद्याने राष्ट्राध्यक्षांना मिळाला. २००७ आणि २०१८ मध्ये ही चौकट आणखी कडक झाली. लष्करी तळांजवळच्या जमिनीचे व्यवहारही तिच्या कक्षेत आले.

तरी फट राहिलीच, आणि ती नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्समध्ये उघडी पडली. फुफेंग या चिनी कंपनीने तिथे मक्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यासाठी ३७० एकर जमीन घेतली. हवाई तळ तिथून जेमतेम १२ मैलांवर. पण समितीच्या यादीत तो तळच नव्हता! त्यामुळे २०२२ च्या अखेरीस समितीने ‘हा व्यवहार आमच्या अखत्यारीत येत नाही’ असं कळवून टाकलं. जानेवारी २०२३ मध्ये हवाई दलाने या प्रकल्पापासून मोठा धोका असल्याचं लेखी सांगितलं, तेव्हा नगर परिषदेने फेब्रुवारीत तो थांबवला. तळाचं नाव यादीत आलं ते त्यानंतर. इतका गंभीर निर्णय एका छोट्या शहराच्या गळ्यात पडावा, हे केंद्राचं अपयशच म्हणायला हवं.

टेक्ससने त्याआधीच, २०२१ मध्ये, वीजजाळ्यासारख्या अत्यावश्यक यंत्रणांशी जोडणारे करार चीन, रशिया, इराण आणि उत्तर कोरियाच्या कंपन्यांशी करायला मनाई केली होती. नंतर इतर राज्यांतही कायद्यांची रांग लागली. आर्कान्साचा आदेश अशाच एका कायद्याखाली निघाला.

मात्र राज्यांच्या या अधिकाराला एक काळा इतिहास आहे. कॅलिफोर्नियाने १९१३ मध्ये ‘नागरिकत्वास अपात्र’ परकीयांना शेतजमीन घ्यायला बंदी केली. रोख जपानी शेतकऱ्यांवर होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, पण १९५२ मध्ये. तोवर एक पिढी त्यात भरडली गेली होती. फ्लोरिडाचा २०२३ चा कायदा चिनी नागरिकांच्या घरखरेदीलाही आडवा येतो, आणि त्याविरुद्ध तिथे राहणारे चिनी नागरिक न्यायालयात गेले ते याच कारणाने. तळाजवळचा कारखाना तपासून रोखणं मला रास्त वाटतं. राहायला घर शोधणाऱ्या माणसाला केवळ त्याच्या पासपोर्टवरून अडवणं नाही.