इमोबिलायझर मॉड्यूलमधला मेमरी दोष आणि त्याचं निदान

गाडीच्या चोरीविरोधी मॉड्यूलमध्ये, म्हणजे इमोबिलायझरमध्ये, चाव्यांचे कोड एका छोट्या ईईप्रॉम चिपमध्ये (वीज गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी) साठवलेले असतात, तिथला डेटा बिघडला की रोजची चावीही परकी ठरते आणि गाडी एकतर सुरूच होत नाही नाहीतर सेकंदभर चालून बंद पडते. जुन्या मॉड्यूलांत ९३सी४६ (१२८ बाइट) किंवा ९३सी५६ (२५६ बाइट) या चिप बऱ्याचदा दिसतात. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला.

डेटा कशाने बिघडतो यावर दोन मतं आहेत. एक म्हणजे चिप लिहून लिहून झिजते. पण अशा चिपच्या डेटाशीटमध्ये साधारण १० लाख लेखनांची क्षमता दिलेली असते, प्रत्येक स्टार्टला एक लेखन आणि दिवसाला १० स्टार्ट धरले तरी वर्षाला ३,६५०च होतात, म्हणजे अडीचशेहून जास्त वर्षं लागतील. उष्णतेत हा आकडा घटतो हे खरं, तरी दुसरं मत जास्त पटतं: लेखन चालू असताना व्होल्टेज पडतो. एक लेखन काही मिलिसेकंदांचं, नेमकी तेव्हाच बसलेली बॅटरी स्टार्टरच्या लोडखाली कोसळली तर बाइट अर्धवट राहतो नि चेकसम, म्हणजे डेटा बरोबर आहे का ते तपासायची बेरीज, जुळत नाही.

म्हणून आधी बॅटरी आणि मॉड्यूलचं अर्थिंग (ग्राउंडची जोडणी) तपासायचं, मग दुसरी चावी लावून बघायची. एकच चावी नडत असेल तर बहुतेक दोष त्या चावीत, दोन्ही नडल्या तर लॉकभोवतीची, चावीतली चिप वाचणारी कॉइल, वायरिंग किंवा मॉड्यूल. स्कॅनरवर पी०६०१ हा दोष-कोड दिसला म्हणून इमोबिलायझरची मेमरी गेली असं धरू नये, तो कोड सहसा इंजिन कंट्रोल मॉड्यूलच्या मेमरीचा असतो. नोंदवलेल्या चाव्यांची संख्या शून्य किंवा भलतीच दिसली तर मात्र संशय पक्का होतो.

मग चिप वाचायची, निदान तीनदा, आणि तिन्ही डंप, म्हणजे चिपमधून वाचलेल्या डेटाच्या फाइली, जुळवून बघायचे. दर वेळी वेगळे आले तर चिपच्या पिनांना लावलेल्या क्लिपचा कॉन्टॅक्ट लूज आहे किंवा बोर्डावरचा प्रोसेसर त्याच लाइनवर मध्ये बोलतोय, अशा वेळी चिप उतरवून वाचलेली बरी. सगळीकडे एफएफ-एफएफ (कोऱ्या बाइटचा आकडा) आलं तर चिप कोरी असेलच असं नाही, क्लिपची पिन टेकली नसेल तरी तेच दिसतं, आणि घाईत चांगली चिप फेकली जाते ती इथेच. ९३सी मालिकेत वाचताना ८ की १६ बिटची निवड चुकली तर बाइटच्या जोड्या उलट्या येतात, तोही दोष नव्हे. काही मॉड्यूलांत चाव्यांचा डेटा दोनदा लिहिलेला असतो, एक प्रत शाबूत असेल तर तिच्यावरून दुसरी भरता येते, पण काही लिहायच्या आधी मूळ डंप जसाच्या तसा सेव्ह केलेला हवा.