हिरोक्किन : लांडग्यावरून आलेली बाई

नॉर्स पुराणकथांत, म्हणजे उत्तर युरोपच्या जुन्या दंतकथांत, बाल्डर या देवाच्या अंत्ययात्रेत देवांचं बळ तोकडं पडलं. चिता रचायची ते ह्रिंगहॉर्नी जहाज किनाऱ्यावरून हलेना. मग योटुनहाइमला, म्हणजे योटुन या महाकाय कुळाच्या मुलखात, निरोप गेला आणि हिरोक्किन आली, लांडग्यावर बसून, विषारी सापांचा लगाम धरून. देवांचा राजा ओडिन याच्या चार बेभान लढवय्यांनाही तो लांडगा आवरेना. शेवटी त्यांनी त्याला आडवा पाडला. तिने जहाजाच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, एकच रेटा दिला, तशा खालच्या ओंडक्यांतून ज्वाळा उठल्या, धरणी हादरली. गडगडाटाचा देव थॉर हातोडा घेऊन तिच्यावर धावला. बाकीच्या देवांनी मध्ये पडून तिला वाचवलं. ज्यांनी अडल्या वेळी बोलावलं त्यांच्यातलाच एक मारायला उठतो, हे मला फार खुपतं.

हे सगळं १३व्या शतकातल्या आइसलँडी गद्यात आहे. त्याआधीची, साधारण ९८५ची ‘हूसद्रापा’ ही कविता एका सरदाराच्या घरातल्या कोरीव चित्रांवर रचलेली. तिच्यात नाव नाही, फक्त ‘डोंगरांची हिल्ड’ (हिल्ड हे एका युद्धकन्येचं नाव). हिरोक्किन म्हणजे बहुधा ‘आगीने आकसलेली’. मराठीत तिला सरसकट राक्षसीण म्हणतात, ते पटत नाही : खुद्द ओडिनची आई योटुन कुळातली.

खरा वाद आहे दगडाचा. दक्षिण स्वीडनमधल्या हुन्नेस्टाडला आठ दगडांचं स्मारक होतं. १६४३मध्ये त्याचं चित्र छापलं गेलं, म्हणून निदान रचना तरी कळते. १८व्या शतकात ते मोडलं. पुढे तीन दगड हाती लागले, ते आता लुंडच्या संग्रहालयात आहेत. त्यांतल्या एकावर लांडग्यासारख्या जनावरावर स्वार झालेली आकृती आहे, लगामाच्या जागी साप. ही हिरोक्किनच, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. आक्षेपही वजनदार आहे. त्या दगडावर एकही अक्षर नाही, आणि हेल्गी या वीराच्या काव्यकथेतही एक निनावी मायाविनी अशीच लांडग्यावर बसून, सापांचे लगाम धरून येते. तरीही माझं मत हिरोक्किनच्या बाजूने. शेजारच्या दोन दगडांवरचे रूनी (उत्तर युरोपच्या जुन्या लिपीतले) लेख मृत आप्तांच्या आठवणीसाठी आहेत, आणि मृताचं जहाज पाण्यात लोटणारी हीच.

२००७मध्ये शनीच्या एका छोट्या चंद्राला तिचं नाव मिळालं. २०२०च्या डिसेंबरात इस्टाडजवळ सांडपाण्याच्या नळासाठी खोदताना हुन्नेस्टाडचा आणखी एक हरवलेला दगड वर आला. त्यावरही एक जनावर कोरलेलं आहे. पाठीवर स्वार मात्र नाही.